फक्त डावा, मागचा

१

आमच्या ऑफिसचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही "म्हणजे नक्की काय करता?" असंच विचाराल. सत्यजीतने लग्न ठरताना विचारलं होतं, इतकी वर्षं संसार झाला तरी अधूनमधून विचारतो.

पनवेलहून नेऱ्याच्या रस्त्याला लागलं की टॉवरच्या एका जाहिरातीमागे लांबट कौलारू बंगली दिसते. किंवा दिसत नाही, जाहिरात फार मोठी आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारच्या मनात आलं, की आपल्या पायाखाली काय आहे आणि आजूबाजूला कोण हिंडतंय ते एकदा बघून ठेवावं. म्हणून या बंगलीतल्या तीन खोल्यांत तीन शाखा बसल्या. पहिल्या खोलीत दगडवाले. ते जमिनीला भोक पाडून आतल्या दगडाच्या लांब कांड्या काढायचे आणि पेट्यांत झोपवून ठेवायचे. दुसरीत पाणीवाले. ते गावोगावच्या विहिरींत टेप सोडायचे आणि पाणी गेल्या वर्षीपेक्षा खाली गेलंय असं कळवायचे. तिसरीत आम्ही, प्राणीवाले.

दगडवाले गेले, त्यांच्या कांड्या कुणाच्या तरी बंगल्याच्या जोत्यात गेल्या. पाणीवाले कॉम्प्युटरमध्ये गेले. उरलो मी आणि शिवा. मी कंत्राटी, शिवा कायम. आमच्याकडे बघून उलटंच वाटतं म्हणून मुद्दाम सांगतेय. शिवा इथला शिपाई, नेऱ्याचा. जमिनीला भाव आला तेव्हा त्याने थोडी विकली, उरलेलीवर फार्महाऊस बांधलं, आणि आता पांढऱ्याशुभ्र मोठ्या गाडीतून शिपाईगिरी करायला येतो. मी शेअर रिक्षाने. मी गेटपाशी उतरताना दिसले की हॉर्न वाजवून म्हणतो, "मॅडम, लेट झाला तुमाला."

आमच्या खोलीत फळ्यांवर भाकऱ्या आहेत. म्हणजे तसं आम्हीच म्हणतो. जंगलात ओल्या मातीत जनावराचा ठसा दिसला, की भोवती पत्र्याची पट्टी लावायची, आत प्लास्टर ओतायचं आणि सुकलं की उचलायचं. पांढरी गोल भाकरी निघते, तिच्या एका बाजूला पंजा उठून आलेला असतो. पाठीवर नंबर, गाव, साल. जुन्या लोकांनी डोंगर पालथे घालून शेकडो भाकऱ्या थापून ठेवल्यात. चारही पंजांच्या नाहीत हं. फक्त डाव्या, मागच्या पायाच्या. नियमच तसा होता. एकच जनावर चार वेळा मोजलं जाऊ नये म्हणून.

आता बंगली पडणार. गणपतीच्या सुट्टीआधी भाकऱ्यांचे फोटो काढून, नंबर नीट करून, गवतात गुंडाळून नागपूरला पाठवायच्या, हे माझं काम. आमचे साहेब चारुदत्त सर अलिबागहून फोनवर म्हणाले, "रेवाताई, हे व्यवस्थित झालं की तुमच्या कंत्राटाचं बघू." ते 'बघू' म्हणाले की मला आमच्या बंगलीवरची जाहिरात आठवते. मोठी असते, मागे काय आहे ते दिसत नाही.

२

पाठीवरचे नंबर पुसट झाले होते. मी काळा ऑइलपेंट आणून ते पुन्हा लिहिले. पेंट सुकायला ऊन हवं. आमच्या अंगणात पावसाळ्यात ऊन पडतं ते पागोळीपासून गेटपर्यंत एक अरुंद पट्टी, बस्स. तिथे मी भाकऱ्या मांडल्या. नंबर ओला म्हणून पाठ वर, पंजा खाली. पट्टी अरुंद म्हणून एका रांगेत. आणि मी पडले घरात चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवणारी. म्हणून सगळ्या पंजांची बोटं एकीकडे, गेटकडे.

त्या दिवशी सर्वांत खालची फळी काढली होती. तिच्यावरच्या भाकऱ्यांवर गाव होतं, साल होतं, पण जनावराच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. सगळ्यांवर. सरकारने एका प्रश्नचिन्हावर इतकं प्लास्टर खर्च केलं याचं मला कौतुकच वाटलं.

संध्याकाळी उचलायला गेलो, तर माती ओली असल्यामुळे खाली ठसे उमटलेले. पागोळीपासून गेटच्या अलीकडेपर्यंत सरळ रेघेत. एक, पुढे एक, पुढे एक.

शिवा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "मॅडम, तुमी तर याला चालवलाव."

"कुणाला?"

"ज्याचा कोनाचा पाय हाय त्याला. आन् बगा ना, येकाच पायावर. लंगडी घालीत गेलाय."

मला इतकं हसू आलं, की भाकरी हातातून पडता पडता राहिली. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या लेकीने, इराने, हसणारे चेहरे पाठवले, सत्यजीतने "म्हणजे हे काम करता होय" असं लिहिलं. आपट्याहून सासूबाईंचा आवाजी निरोप आला. त्या टाइप करत नाहीत, बोलतात, आणि शेजारी कुकरची शिट्टी होते. "रेवा, पावलं काढायची ती आत येणारी काढावीत गं. बाहेर जाणारी काढू नयेत. जाणाऱ्याला वाट दाखवायची नसते. आणि गौरी आल्यात जवळ. त्या दिवशी रजा टाक."

मीही आवाजी उत्तर पाठवलं, "हो आई." ते पाठवताना मी अंगणातून आत चालत होते. लगेच दुसरा निरोप आला. "आणि पाय घासत चालू नकोस."

उजवा पाय मी जरा घासते, हे खरं आहे. आमच्याकडे राहायला आल्या की सासूबाईंना मी जिन्यात असतानाच कळतं मी आले ते. त्या स्वयंपाकघरातूनच ओरडतात. लग्नानंतर काही दिवस मला ते प्रेम वाटत होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढायच्या आधीच माझं लक्ष गेलं. रांग लांबली होती.

काल माझी शेवटची भाकरी गेटच्या अलीकडे, जास्वंदीपाशी होती. मला नक्की आठवतंय, कारण जास्वंदीचं फूल तिच्या पाठीवर पडलं होतं आणि पेंटला चिकटलं होतं. आता जास्वंदीच्या पुढेही ठसे होते. थेट गेटच्या खांबापर्यंत.

शिवाची गाडी आली. मी नुसतं बोट दाखवलं.

"मी नाय केला," तो लगेच म्हणाला.

"मी कुठे म्हटलं तुम्ही केलंत?"

"तुमचा त्वांड म्हनतंय ना. आवो मॅडम, मी कशाला करू? माजी कंबर तरी वाकतंय का येवढी?"

ते खरं होतं. शिवाच्या पोटाकडे बघितलं तर जमीन त्याला गेली कित्येक वर्षं दिसलेली नसावी. मग मी स्वतःलाच समजावलं. मीच जास्त मांडल्या असतील. जास्वंदीचं फूल दुसऱ्याच भाकरीवर पडलं असेल. चाळिशीनंतर बाई गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यातून परत जाते, तिथे फुलाचं काय घेऊन बसलात?

मग मी वाकून बोट घालून बघितलं, आणि समजावणं तिथेच थांबलं. माझ्या भाकऱ्यांचे ठसे उथळ होते. प्लास्टरला असं किती वजन असणार? जास्वंदीपुढचे ठसे बोटभर खोल गेले होते. ज्याने ते उमटवले त्याला चांगलं वजन होतं. आणि ते सगळं एकाच पायावर होतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं ते मला माहीत नाही. मी ऑफिसने शिकवलं ते केलं. पट्टी लावली, प्लास्टर ओतलं. प्लास्टर सुकताना कोमट होतं, ते आम्हाला माहीत असतं. हे कोमट झालं आणि कोमटच राहिलं. जेवणाच्या सुट्टीनंतर हात लावला, तरी अंगात कणकण असलेल्या पोराच्या कपाळासारखं.

उचललं. तोच पंजा. बाहेरच्या बोटाला तीच लहानशी खाच. खालच्या फळीवरच्या प्रत्येक भाकरीला ती आहे. मी नंबर लिहिताना हात फिरवून बघितला होता.

"पाठीवर काय लिवताव?" शिवाने विचारलं.

मी प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली चालू साल लिहिलं.

४

गेटबाहेर डांबरी रस्ता. तिथे काही उमटत नाही. दोन दिवस काहीच झालं नाही, आणि मी सत्यजीतला काही न सांगितल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. तो हसला नसता. हळूच माझ्या कपाळाला हात लावून बघितला असता. ते जास्त वाईट.

आम्ही विचुंब्याला राहतो, पहिल्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत पार्किंगला नवीन काँक्रीट घातलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी आले तर खाली सेक्रेटरी कमलाकरकाका, वॉचमन आणि चार-पाच माणसं गोल करून उभी. मध्ये मयतच असावं असे चेहरे.

"या, या मॅडम," काका म्हणाले. "तुम्ही जनावरांच्या खात्यात ना? सांगा हे काय ते."

ओल्या काँक्रीटमध्ये एका रेघेत ठसे होते. खोल. बाहेरच्या बोटाला खाच.

"कुत्रा असेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"कुत्र्याला चार पाय असतात मॅडम. हा एकाच पायाने गेलाय. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंय. सोसायटीला बदनाम करायला." काकांचा असा समज आहे की सोसायटीला बदनाम करण्यासाठी विचुंब्यात एक टोळी वावरते. "मी मीटिंग लावणार आहे."

मी ठशांच्या बोटांकडे बघत होते. ती आमच्या विंगच्या जिन्याकडे होती. रोज मी ऑफिसच्या गेटमधून जी वाट धरते, ती याच जिन्यात संपते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. बाहेरच्या पॅसेजमध्ये लंगडीचा आवाज आला. थप. मग जरा थांबून, थप. मग परत थांबून, थप. आमच्या मजल्यावरची पोरं पॅसेजमध्ये लंगडी खेळतात आणि समोरच्या आजी कावतात, म्हणून मी इथूनच ओरडले, "इरा, खाली जाऊन खेळ गं!"

"मी कुठे खेळतेय?" इरा माझ्या मागे उभी होती. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा होता आणि तोंड भरलेलं होतं.

आम्ही दोघींनी ऐकलं. थप. थांबून. थप. शाळेत मी लंगडीत फार पटाईत होते, त्यामुळे मला ऐकूनच कळतं. खेळणारा दमला की मधला वेळ वाढतो. हा दमला होता. फार लांबून आला होता, आणि पाय खाली टेकायला त्याला दुसरा नव्हता.

आमच्या दाराशी येऊन आवाज थांबला. मी इराचा खांदा धरून ठेवला. कुकरची शिट्टी झाली आणि मी किंचाळले. इरा इतकी हसली की तिला ठसका लागला.

दार उघडलं नाही. बेलही वाजली नाही. जे काही होतं ते उंबऱ्याबाहेर उभं राहिलं, बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या पाहुण्यासारखं.

५

रविवारी सासूबाई आल्या. एका हातात पिशवी, एका हातात गौरींच्या मुखवट्यांचा डबा. रिक्षावाल्याला दोन वेळा सुनावून वर आल्या. आल्या आल्या उंबऱ्याकडे बघून म्हणाल्या, "इथे कुणी पाणी सांडलंय? ओलं आहे."

सोमवारी गौरींचं आवाहन. त्या सोफ्यावर बसल्या आणि कामं वाटायला लागल्या. "सत्यजीत केळीची पानं आणील. भाजीचं मी बघते. रेवा, तू पावलं काढ. दारापासून देवापर्यंत, मग स्वयंपाकघर, मग इराची खोली. सगळीकडे फिरवायची तिला."

तुमच्याकडे नसतील करत, तर सांगते. मूठ तांदळाच्या ओल्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची, वर पाच बोटांचे ठिपके द्यायचे, की गौरीचं पाऊल होतं. डावं, उजवं, डावं, उजवं. बोटं आतल्या बाजूला. गौर त्या पावलांवरून घरात येते. उंबऱ्यात विचारायचं, कशाच्या पावलांनी आलीस, आणि जी मुखवटा घेऊन येते तिने सोन्याच्या, मोत्याच्या, असं सांगायचं. त्या दिवशी दार उघडं ठेवायचं.

मी आजवर ही पावलं किती हौसेने काढली! कधी मनात आलं नाही की हे आमच्या ऑफिसचंच काम आहे, फक्त उलटं. ते आलेल्याची पावलं उचलायचे. आम्ही येणाऱ्याची आधी काढून ठेवतो. आणि मी अंगणात काय केलं होतं? एका उपाशी, एका पायाच्या प्रश्नचिन्हाला पावलं काढून दिली होती. ते त्यावरून आलं. आता ते उंबऱ्याबाहेर उभं होतं, आणि मला घरभर पावलं काढायची होती. इराच्या खोलीपर्यंत.

"आई, या वर्षी पावलं नको काढूया का?" मी म्हटलं.

सासूबाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा सत्यजीत बाथरूममध्ये जातो. तो गेला.

"का?"

"लादी खराब होते."

"लादी!"

"म्हणजे... स्टिकर मिळतात हल्ली."

"स्टिकर!" त्या इराकडे वळल्या. "बघ गं. तुझ्या आईच्या लादीला गौर नको झालीय."

"आजी, आपल्या दाराबाहेर लंगडी खेळणारं भूत आहे," इरा म्हणाली.

"असेल," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काय, प्रसाद देऊ. पावलं निघणार."

मी गॅलरीत जाऊन शिवाला फोन लावला. उद्या दुपारी पावलं निघायच्या आत याला दाराबाहेरून न्यायला हवं होतं. कसं, ते मला तोवर कळलं होतं. पावलं काढूनच. बोटं दुसरीकडे करून.

६

सोमवारी सकाळी शिवा गाडी घेऊन सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटपाशी आला. मी ऑफिसमधून एक भाकरी आणली होती, गेल्या आठवड्यातली, नवीन. ती पिशवीतसुद्धा कोमट होती.

"मॅडम, ह्या करायला साहेबांनी सांगितलाय का?"

"नाही."

"मग माज्या बायकोला, हौसाला, नका सांगू. ती मना म्हनंल, सरकारी मानूस असून असला करतंस."

बेत साधा होता. आमच्या जिन्यापासून प्लॉटच्या चिखलातून गाढी नदीपर्यंत पावलं काढायची, बोटं नदीकडे. पलीकडे डोंगर आहेत, जिथून त्याला पहिल्यांदा उचलून आणलं. तिथवर त्याचं ते बघून घेईल. मी वाकून हाताने भाकरी दाबली. जेमतेम उमटली. हा काही असल्या उथळ ठशावर पाय टाकणार नाही, हे मला का कोण जाणे पटलं. वजन हवं.

वजनाची माझ्याकडे कमतरता नाही, ते सत्यजीतला विचारा. मी पर्समधून फायली बांधायची लाल फीत काढली आणि भाकरी डाव्या चपलेखाली बांधली. करकचून. पाय टाकला. माझ्या अख्ख्या वजनाने पंजा बोटभर खोल गेला.

"वा!" शिवाने मोबाइल काढला. "मॅडम, वायरल होनार तुमी."

मी चालायला लागले. डाव्या पायाला प्लास्टर, उजव्याला चप्पल. दहा-बारा पावलांतच चिखलाने उजवी चप्पल ओढून घेतली. मी हात घालून शोधली, मिळाली नाही. मग तशीच, उजवा पाय अनवाणी. डावा पंजा. उजवं माझं पाऊल. डावा पंजा. शिवा बाजूच्या बांधावरून हसत हसत व्हिडिओ काढत होता. "हळू मॅडम! नवरीला मिरवणुकीत चालवतात तशा चालल्याव!"

मग तो हसायचा थांबला.

"काय झालं?"

"काय नाय." त्याने मोबाइल खिशात घातला. "मागं बगू नका. चालत ऱ्हावा."

"शिवा—"

"मी हाय ना हिकडं. चालत ऱ्हावा तुमी."

मी मागे बघितलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत असती तर मी चारुदत्त सरांकडे कंत्राटाचं लेखी मागितलं असतं. पण पुढे पाण्याचं एक डबकं होतं, आणि डबक्यात बघू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यात आभाळ होतं, टॉवरची क्रेन होती, गबाळी मी होते. आणि माझ्या मागे, हातभर अंतरावर, काहीतरी उभं होतं आणि तोल सावरत होतं. तेवढंच दिसलं. लंगडीत 'थांब' म्हटल्यावर पोर जसं जागच्या जागी डुलतं, पडू नये म्हणून, तसं. बाकीचं जिथे असायला हवं होतं, तिथे मागचं गवत दिसत होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीच्या आधी दया आली. सरकारने त्याचा एकच पाय जपून ठेवला. बाकीचे तीन कुणी मागितलेच नव्हते.

मी चालत राहिले. मागे थप. थांबून. थप. नदीजवळ आल्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मधलं थांबणं गेलंय. थप थप थप थप. सरळ, सारखं, कुणीही चालावं तसं. मला वाटलं, उतार लागला म्हणून असेल.

काठावर मी फीत सोडली आणि भाकरी पाण्यात टाकली. विसर्जन केलं म्हणा. पांढरं दिसलं, मग दिसेनासं झालं. मागचा आवाज थांबला. मी वळले. कुणी नव्हतं. नुसता चिखल आणि त्यात माझ्या मागून आलेली पावलांची रांग. डावं त्याचं, उजवं माझं, डावं त्याचं, उजवं माझं. करंगळी जरा बाहेर गेलेलं माझं पाऊल. इतकी छान रांग होती, की मला उगीच समाधान वाटलं. कधी नव्हे ते काम व्यवस्थित झालं होतं.

"काय होतं हो?" मी शिवाला विचारलं.

"कुटं काय?" तो म्हणाला. "बसा. सोडतंव घरी."

त्याच्या गाडीत पांढऱ्या मॅट आहेत. मी जीव मुठीत धरून पाय ठेवले. उतरताना बघितलं, डाव्या चपलेचा चिखल मॅटवर ढळढळीत उमटला होता. मॅटची उजवी बाजू कोरी. माझा उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेला होता.

शिवाने ती मॅट बघितली. एरवी तो मॅटवरून सख्ख्या भावाशी भांडतो. आज त्याने गाडी वळवली आणि निघून गेला.

७

घरी सगळं तयार होतं. माझी वाट न बघता सासूबाईंनीच पावलं काढली होती. पॅसेजपासून, उंबऱ्यातून, देवापर्यंत, स्वयंपाकघर, इराची खोली. ठसठशीत, सुंदर. त्यांच्या मुठीला अजून थरथर नाही.

"ही वेळ आहे यायची?" त्या म्हणाल्या. "ये. पाय पुढे कर."

मी न्हाऊन साडी नेसले, मुखवट्याचं ताट घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिले. सासूबाईंनी माझ्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं, कुंकू लावलं. दोन्ही पायांना. मी बघितलं, दोन्ही पायांना. सत्यजीत ताम्हण वाजवत होता. इरा मोबाइलवर व्हिडिओ काढत मागे मागे सरकत होती.

"कशाच्या पावलांनी आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"सोन्याच्या," मी म्हटलं आणि आत आले.

डावा, उजवा, डावा, उजवा. नेहमी चालते तशी. पाय ओले, पायाला कुंकू.

"आई," इरा म्हणाली. ती मोबाइलमध्ये नव्हे, माझ्या मागच्या लादीकडे बघत होती. "तू लंगडी का घालतेयस?"

सत्यजीत म्हणाला, "इरा, आईची चेष्टा करायची नाही आज." मी वळून बघितलं. लादीवर कुंकवाचं डावं पाऊल. मग कोरी जागा. मग डावं पाऊल. मग कोरी जागा. मी भिंतीला टेकून उजवा तळपाय वर करून बघितला. आहे. माझाच आहे. टाचेच्या भेगेत कुंकू गेलेलं आहे. फक्त तो खाली काही ठेवत नाही.

मी त्याला वाट दाखवली होती, वजन दिलं होतं, आणि वर एक पाऊलही दिलं होतं. बोटं नदीकडे होती, ते बरोबर. पण माझ्या उजव्या पायाला घरचा रस्ता पाठ आहे. तो मला कुठूनही इथेच आणतो.

गौरी बसल्या. सासूबाई नैवेद्याचं बघायला स्वयंपाकघरात गेल्या. सत्यजीत केळीच्या पानाशी झटापट करत होता. मी इराला मांडीवर ओढून घेतलं. ती आता मांडीवर बसायची राहिलेली नाही, पण बसली. दार उघडं होतं. त्या दिवशी लावायचं नसतं. मी उठून लावलंच असतं, पण तेवढ्यात खाली जिन्यात कुणीतरी यायला लागलं.

घाई नव्हती. सावकाश, एकेक पायरी, डावं, उजवं, डावं, उजवं. दमलेलं मुळीच नाही. डावं पाऊल जड, थप. आणि त्यामागून उजवं, जरासं घासत.

स्वयंपाकघरात कढईचा आवाज थांबला.

"आलीस का गं रेवा?" सासूबाई आतूनच ओरडल्या. "किती वेळा सांगितलं, पाय घासत चालू नकोस!"